मोजून घेतलेलं पाणी

दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड धरणाचं पाणी कालव्याच्या शेपटाला, ओझरला, पुरेसं पोचत नसे. १९९०च्या सुमारास बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्राने तिथल्या शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था उभ्या केल्या. पुढे वाघाडच्या लाभक्षेत्रभर अशा संस्था झाल्या.

खरी गंमत मोजणीत आहे. जुन्या पद्धतीत पाणीपट्टी पीक आणि क्षेत्र पाहून ठरे. शेतात पाणी किती मुरलं, किती वाया गेलं, याच्याशी बिलाचा संबंध नसे. मग कोण कशाला वाचवील? संस्थेला मात्र घनफळावर, ठरलेला कोटा मिळतो. चारीच्या तोंडाशी अरुंद गळ्याचं मोजमापयंत्र असतं. गळ्याचा आकार पक्का, त्यामुळे पाण्याची उंची वाचली की सेकंदाला किती लिटर वाहतंय ते कळतं. कोट्यात पीक कोणतं घ्यायचं, ते शेतकऱ्याने ठरवायचं.

ओझरकरांनी वाट्याचं काही पाणी ओढ्यांवरच्या बंधाऱ्यांत सोडलं. ते झिजलेल्या बेसॉल्टच्या थरांत आणि भेगांत मुरून विहिरींना लागलं. जमिनीखाली बाष्पीभवन जवळपास नाही, आणि विहीर असली की आवर्तनाची वाट न पाहता द्राक्षाला ठिबकने हवं तेव्हा पाणी देता येतं. हा भाग मला धरणाइतकाच महत्त्वाचा वाटतो.

२००५मध्ये राज्याने शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा कायदा केला. तोवर ओझरच्या संस्थांनी दशकाहून अधिक काळ कारभार केलेला होता.