गोठ्यातली गोचीड, माणसाचा ताप

खांदेमळणीच्या दिवशी पूर्णेच्या नाहीतर दुधनेच्या पाण्यात बैल उभे केले, की धुणाऱ्याचा हात सवयीनेच ठरावीक जागी जातो. कानाची पाळी, गळ्याखालची पोळी, मांडीची आतली बाजू, शेपटीचं बूड. तिथे बोटाला काहीतरी गोल, टणक लागतं. चिमटीत धरून ते ओढायचं, दोन नखांत नाहीतर दगडावर चिरडायचं, उडालेलं रक्त पाण्यात धुऊन टाकायचं आणि पुढचा बैल घ्यायचा. परभणी जिल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्या हे असंच चालत आलं आहे. यातली गोचीड काढण्याची सवय चांगली आहे. धोका आहे तो चिरडण्यात.

गोचिडीची माहिती शोधायला आज कोणी मोबाइल उघडला, तर पहिल्या झटक्यात अमेरिकेतला लाइम आजार समोर येतो. हरणांची जंगलं, गिर्यारोहक, त्वचेवरचा वर्तुळाकार लाल चट्टा. भारतात लाइमचे रुग्ण तुरळक सापडतात आणि परभणीकराने त्याची धास्ती घेण्याचं कारण नाही. मुळात इथे दाट जंगल आहेच कुठे? जिंतूरकडचे डोंगर, येलदरीच्या आसपासचा माळ, गोदाकाठची झुडपं सोडली तर सगळा काळ्या मातीचा, कापूस-सोयाबीनचा मुलूख. इथली गोचीड रानात कमी आणि दावणीला जास्त भेटते. त्यामुळे परदेशी सल्ला इथे अर्धाच लागू पडतो.

गोचीड हा कीटक नाही. पूर्ण वाढलेल्या गोचिडीला आठ पाय असतात. नात्याने ती विंचू आणि कोळ्याच्या कुळातली. पुढच्या पायांच्या जोडीवर एक सूक्ष्म इंद्रिय असतं. जनावराच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि अंगाची ऊब तिला त्यावरून कळते. चावताना ती लाळेतून असे पदार्थ सोडते की चावा जाणवत नाही आणि रक्त गोठत नाही. मग कित्येक दिवस ती तिथेच राहते. तिळाएवढी आलेली मादी एरंडाच्या बीएवढी फुगून खाली पडते आणि हजारोंनी अंडी घालते.

इथल्या गोठ्यात प्रामुख्याने दोन जातींची गाठ पडते. त्यांची चाल वेगळी आहे आणि शेतकऱ्याने ती ओळखणं फार उपयोगाचं. ऱ्हिपिसिफॅलस मायक्रोप्लस ही एकाच जनावरावर पिल्लापासून मादीपर्यंतचा सारा प्रवास साधारण तीन आठवड्यांत उरकते. तिच्यासाठी जनावराच्या अंगावरची फवारणी कामाची. ह्यालोमा मात्र जनावर सोडून भिंतीच्या भेगांत, गव्हाणीच्या दगडांखाली, कुडाच्या सांध्यांत लपते आणि उपाशीपोटी महिनोन्‌महिने तग धरते. ती गवताच्या टोकावर वाट पाहत बसत नाही. चाहूल लागली की चक्क धावत येते. गायीवर औषध मारलं आणि भेगा तशाच ठेवल्या, तर महिन्याभरात पुन्हा तेच. औषध बनावट निघालं म्हणून दुकानदाराशी भांडणाऱ्यांनी आधी भिंत पाहावी.

गुरांना या दोघींपासून होणाऱ्या आजारांना सरसकट ‘गोचीड ताप’ म्हणतात, पण त्यात निदान तीन वेगळे आजार आहेत. थायलेरियात ताप चढतो, खांद्यापुढच्या आणि कानाखालच्या गाठी सुजतात. बबेसियात लघवी लाल, कॉफीसारखी होते. ॲनाप्लाझ्मात रक्त आटतं, डोळे-हिरड्या पांढऱ्या-पिवळ्या पडतात. प्रत्येकाचं औषध निराळं, म्हणून रक्ताची काचपट्टी तपासणं आलंच. थायलेरियावर ब्युपार्व्हाक्वोन हे इंजेक्शन आहे आणि संकरित वासरांसाठी लसही मिळते. मात्र इंजेक्शन उशिरा दिलं तर गुण येत नाही. सुरुवातीच्या दिवसांतच गाय वाचते किंवा जाते.

मराठवाड्याच्या स्वतःच्या जातींचं इथे कौतुक करावं लागेल. लाल कंधारी आणि देवणी ही वशिंडाची गुरं गोचिडीला बऱ्यापैकी दाद देत नाहीत. त्यांच्या अंगावर गोचिडी कमी टिकतात आणि थायलेरियाही जर्सी किंवा होल्स्टीन रक्ताच्या संकरित गायींइतका जोर धरत नाही. ऑस्ट्रेलियातल्या पशुपालकांनी गोचिडीला तोंड देण्यासाठी भारतीय वंशाच्या ब्राह्मण गुरांचा संकर मुद्दाम वापरला. आपल्याकडे उलट झालं. दुधासाठी संकरित गाय आली, गोठा मात्र जुन्या मातीच्या भिंतींचाच राहिला.

गोचिडीने आजार पसरतो, हे जगाला गुरांमुळेच कळलं. अमेरिकेत टेक्सास फीव्हरने गुरं पटापट मरत होती. थिओबाल्ड स्मिथ आणि फ्रेडरिक किलबोर्न यांनी १८९३ साली सप्रमाण दाखवून दिलं की हा रोग गोचीड वाहून नेते. डास मलेरिया पसरवतो हे रोनाल्ड रॉस यांनी सिद्ध केलं ते त्यानंतर चार वर्षांनी.

आता माणसाकडे येऊ. गोचिडीच्या बाबतीत मराठवाडा-विदर्भाच्या डॉक्टरांनी सर्वांत आधी आठवावा असा आजार म्हणजे भारतीय टिक टायफस, अर्थात रिकेट्सियाचा ताप. कुत्र्याच्या अंगावरची गोचीडही तो देते, म्हणजे शेताचं तोंड न पाहिलेलं शहरातलं मूलही सुरक्षित नाही. अकोला आणि सोलापूर इथल्या बालरोगतज्ज्ञांनी असे रुग्ण नोंदवले आहेत. चाव्यानंतर साधारण आठवड्याभराने जोराचा ताप, डोकेदुखी आणि मग पुरळ येतं. हे पुरळ तळहात आणि तळपायांवरही उठतं, ही त्याची खूण. क्वचित चाव्याच्या जागी काळी खपली दिसते. पहिल्या चार-पाच दिवसांत हे सगळं डेंग्यू किंवा विषमज्वरासारखंच वाटतं आणि घाईत तसंच लिहिलं जातं. डॉक्सीसायक्लीन हे जुनं, स्वस्त औषध वेळेवर सुरू झालं तर बहुधा दोन दिवसांत ताप उतरतो. उशीर झाला तर मेंदू, मूत्रपिंड, फुफ्फुसं अडचणीत येतात. औषध स्वस्त आहे म्हणून स्वतःच्या मनाने घ्यायचं नाही, हे ओघाने आलंच.

इथे एक गल्लत नेहमी होते. २०१८ मध्ये नागपूर आणि आसपासच्या भागात स्क्रब टायफसने हाहाकार उडवला, तेव्हापासून प्रत्येक काळ्या खपलीचा दोष गोचिडीवर येतो. स्क्रब टायफस पसरवतात ती चिगर नावाची, डोळ्याला जेमतेम दिसणारी माइटची पिल्लं. गोचिडीचा त्यात हात नाही. उपचार मात्र दोन्हींत डॉक्सीसायक्लीनच, हे आपलं नशीब.

चिरडण्याचा धोका सुरुवातीला सांगितला, तो काँगो तापामुळे. जानेवारी २०११ मध्ये गुजरातेत साणंदजवळच्या कोलाट गावातली एक महिला या तापाने दगावली. तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर आणि शुश्रूषा करणारी परिचारिका यांचाही मृत्यू झाला. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने विषाणू ओळखला आणि भारतात काँगो ताप आल्याचं पहिल्यांदा पक्कं झालं. तो पसरवणारी मुख्य गोचीड हीच गोठ्यातली ह्यालोमा. या विषाणूचा संसर्ग झालेलं जनावर आजारी दिसत नाही, त्यामुळे गाय ठणठणीत आहे यावरून काही ठरवता येत नाही. पुढे झालेल्या पाहणीत अनेक राज्यांतल्या गुरा-मेंढरांच्या रक्तात त्याच्या प्रतिपिंडांचा माग सापडला. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दगावण्याचं प्रमाण १० ते ४० टक्के. चिरडलेल्या गोचिडीचं रक्त बोटाच्या चिरेत गेलं तरी संसर्ग होऊ शकतो. खाटीक, मेंढपाळ, पशुवैद्यक यांची काळजी इतरांपेक्षा मोठी आहे ती याचमुळे.

परभणीहून कोकणात कामाला किंवा सहलीला जाणाऱ्यांसाठी गोचिडीनेच पसरणाऱ्या माकडतापाचाही उल्लेख हवा. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडं मरून पडू लागली आणि पाठोपाठ माणसं तापाने फणफणली. पुण्याच्या तेव्हाच्या विषाणू संशोधन केंद्राने हा विषाणू शोधला. सायबेरियातल्या ओम्स्क तापाच्या विषाणूशी त्याचं नातं निघालं, तेव्हा तो स्थलांतरित पक्ष्यांसोबत आला असावा अशी शंका घेतली गेली. पक्षितज्ज्ञ सलीम अली आणि मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या पक्ष्यांना कडी घालण्याच्या मोठ्या मोहिमेला जागतिक आरोग्य संघटनेची मदत मिळाली त्यामागे ही शंका होती. पक्षी निर्दोष ठरले आणि पक्षिशास्त्राचं मात्र भलं झालं! पुढे २०१५ मध्ये गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या पाली गावात आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गात दोडामार्ग भागात हा ताप पोहोचला. डिसेंबर ते मे हे त्याचे दिवस, म्हणजे ऐन काजूचा हंगाम. त्यावर नेमकं औषध नाही. कर्नाटकातली जुनी लस अपुरी ठरून बंद पडली. मेलेलं माकड दिसलं तर त्याच्या जवळ जायचं नाही आणि आरोग्य केंद्राला कळवायचं, हा तिथला नियम.

अंगावर गोचीड दिसलीच तर काय करावं? आपल्याकडचे उपाय भरपूर आणि बहुतेक घातक: रॉकेल, चुना, तंबाखूचं पाणी, पेटती काडी. यांनी गोचीड बिथरते, पोटातलं उलटून चाव्यात सोडू शकते आणि चामडी भाजते ती वेगळीच. टोकदार चिमट्याने तिला कातडीच्या अगदी लगत पकडावं आणि पीळ न देता, झटका न देता सरळ वर ओढावं. चिमटा नसेल तर बोटांवर कापड किंवा प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळावी. तोंडाचा तुकडा आत राहिला तर टोकरत बसू नये. जागा साबणाने धुऊन स्पिरिट लावावं. निघालेली गोचीड स्पिरिटच्या बाटलीत टाकावी किंवा चिकटपट्टीत बंद करावी. नखाने चिरडायची नाही.

गोठ्याचं काम कष्टाचं आहे, पण खर्चिक नाही. भेगा बुजवून चुना द्यावा, शेणाचा ढीग दावणीपासून लांब न्यावा आणि औषध जनावर व गोठा या दोन्हींवर एकाच दिवशी मारावं. अंड्यांतून नवी पिल्लं निघतात, म्हणून ते काही आठवड्यांनी पुन्हा मारावं लागतं. तेच ते औषध वर्षानुवर्षं वापरल्याने गोचिडी दाद देईनाशा झाल्याच्या नोंदी देशभरात आहेत, तेव्हा ते आलटून-पालटून आणि पशुवैद्यकाने सांगितलेल्या मात्रेतच वापरावं. फवारणाऱ्याने तोंडाला रुमाल आणि हाताला मोजे बांधावेत. गोठ्यात मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्या गोचिडी टिपून खातात, तो फुकटचा फायदा. माळेगावच्या यात्रेतून किंवा आठवडी बाजारातून आणलेलं जनावर मात्र थेट दावणीला बांधू नये. त्याच्याबरोबर गोचीडही घरी येते.

परभणीत पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे आणि फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा मोफत क्रमांक आहे. माणसाला चाव्यानंतर दोन-तीन आठवड्यांत ताप आला, तर डॉक्टरांनी विचारायची वाट न पाहता ‘गोचीड चावली होती’ हे त्यांना पहिल्याच वाक्यात, तारखेसह सांगावं.