उपयोगी देणगी

नाताळांत भेटी देण्याची चाल सर्वांच्या परिचयाची आहे. भेट कसली असावी, याचा विचार मात्र थोडेच करतात. थंडीनें कुडकुडणाऱ्याला कोरडा आशीर्वाद देऊन वाटेला लावणें व्यर्थ होय, असें नव्या करारांतील याकोबाचें पत्र सांगतें. यापो गांवची टबीथा मरण पावली तेव्हां विधवांनीं पेत्राला दाखविले, ते तिनें शिवलेले कपडे.

पण वस्त्र विरतें, धान्य सरतें. मग पुढें काय? पंडिता रमाबाईंपुढें हा प्रश्न प्रत्यक्ष उभा राहिला. १८९६-९७ च्या दुष्काळांत त्यांनीं मध्यप्रांतांतून शेंकडों निराधार विधवा व मुली आणिल्या. पोटभर जेवूं घालून त्यांना परत पाठविलें असतें, तर आपली म्हणणारें तेथें कोण होतें? म्हणून केडगांवच्या मुक्तिसदनांत भाकरीच्या जोडीला माग, घाणा, शेती व छापखाना आला. घेणाऱ्यानें जन्मभर मिंधें राहावें, असा मोह दात्याला होतोच; कसब देणाऱ्याला तो सोडावा लागतो, कारण शिकलेली मुलगी उद्यां त्याच्यापुढें हात पसरीत नाहीं. रमाबाईंनीं भाषांतरिलेलें बायबल त्यांच्या निधनानंतर १९२४ सालीं बाहेर पडलें. त्याचे खिळे मुक्तिसदनांतील स्त्रियांनींच जुळविले होते.