रक्ताचा थेंब काय सांगतो?



मी वैद्यकाचा पदवीधर नव्हे. कामगार संघटनेचे काम करताना कामगारांच्या दुखण्यांविषयी जे वाचावे लागले, डॉक्टरांना जे विचारावे लागले, तेवढेच माझे भांडवल. त्या बळावर आज एकच प्रश्न मांडतो: घरबसल्या रक्त तपासून आपल्या हृदयाची प्रकृती कळते काय?

ही तपासणी दोन प्रकारची. बोटाला सुई टोचून थेंब पट्टीवर घेतला की काही मिनिटांत कोलेस्टेरॉलचा आकडा दाखविणारे यंत्र मिळते, हा पहिला प्रकार. दुसऱ्यात प्रयोगशाळेचा माणूस घरी येतो व शिरेतून रक्त घेऊन जातो. एक खाडा झाला की ज्याचा रोज बुडतो, त्याला ही सोय मोठी आहे. तिला नाके मुरडण्याचे कारण नाही. मात्र आकडा मिळणे वेगळे आणि तो वाचता येणे वेगळे.

कोलेस्टेरॉल म्हणजे विष, अशी अनेकांची समजूत असते. ती बरोबर नाही. शरीरातील प्रत्येक पेशीच्या आवरणाला ते लागते व यकृत ते स्वतःच तयार करते. ते पाण्यात विरघळत नाही, म्हणून रक्तातून त्याची ने-आण प्रथिनांनी वेढलेल्या सूक्ष्म कणांतून होते. यांपैकी एलडीएल नावाचे कण फार झाले की ते रोहिण्यांच्या भिंतींत अडकतात आणि वर्षानुवर्षे तेथे थर साचतो. एखाद्या दिवशी तो थर फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी धरते, हृदयाच्या स्नायूचा रक्तपुरवठा तुटतो. यालाच आपण झटका म्हणतो. १९१३ साली रशियात अनिचकोव यांनी सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घालून त्यांच्या रोहिण्यांत असे थर साचतात हे दाखविले. पुढे १९४८ पासून अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम या गावी ५,२०९ स्त्रीपुरुषांची वर्षानुवर्षे पाहणी झाली. तिच्यातून कोलेस्टेरॉल, रक्तदाब आणि धूम्रपान यांचा हृदयविकाराशी असलेला संबंध उघड झाला.

आता यंत्राकडे वळू. हात साबणाने धुऊन कोरडे करावेत. पहिला थेंब पुसून दुसरा घ्यावा. थेंब येत नाही म्हणून बोट पिळू नये. पिळल्याने रक्तात आतील पाणी मिसळते व आकडा बिघडतो. पट्टीची मुदत पाहावी. इतके करूनही फरक राहतो. समजा यंत्र दहा टक्क्यांनी चुकले, तर २०० चा आकडा खरा १८० असू शकेल किंवा २२०. म्हणून यंत्राचा आकडा ही सूचना समजावी, निकाल नव्हे. निकालासाठी शिरेतील रक्ताची प्रयोगशाळेत तपासणी करून घ्यावी.

कोणता आकडा वाचायचा, हा पुढचा प्रश्न. दोघांचे एकूण कोलेस्टेरॉल दर डेसीलिटरला १९० मिलिग्रॅम आहे असे धरा. एकाचे एचडीएल ६५, दुसऱ्याचे ३५. एकूणातून एचडीएल वजा करा. पहिल्याचे १२५ उरते, दुसऱ्याचे १५५. ही बाकी म्हणजे रोहिण्यांत थर साचविणाऱ्या सर्व कणांतील कोलेस्टेरॉल. भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०२४ साली दिलेल्या मार्गदर्शनाप्रमाणे, ज्यांना धोका कमी आहे त्यांची ही बाकी १३० च्या आत आणि एलडीएल १०० च्या आत असावे. धोका जास्त असेल त्यांच्यासाठी मर्यादा याहून खाली आहे. तेव्हा एकूण आकडा सारखा, पण एक मनुष्य रेषेच्या आत आणि दुसरा बाहेर! एलडीएल १९० किंवा त्याहून अधिक निघाले तर दोष आनुवंशिक असण्याचा संभव असतो. अशा वेळी भावंडांची व मुलांचीही तपासणी करावी. रातपाळीच्या माणसाने उपाशी राहण्याची चिंता करू नये. पहिल्या तपासणीला उपास आवश्यक नाही. ट्रायग्लिसराइड फार वाढलेले दिसले तरच उपाशीपोटी पुन्हा रक्त द्यावे लागते.

येथे कोणी म्हणेल, आकडे चांगले आले, आता काळजी मिटली! घात होतो तो येथेच. वाटाघाटीला बसणारा कार्यकर्ता ताळेबंदातील नफ्याचा एकच आकडा वाचून उठत नाही. कर्ज, घसारा, राखीव निधी, सारे पाहतो. हृदयाचेही तसेच आहे. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या ५२ देशांतील पाहणीत असे आढळले की पहिल्या झटक्याच्या धोक्याचा सुमारे नव्वद टक्के भाग नऊ गोष्टींशी निगडित आहे. त्यांत धूम्रपान आहे, रक्तदाब आहे, मधुमेह, पोटाचा घेर, मनावरचा ताण, व्यायामाचा आणि भाजीफळांचा अभाव आहे. कोलेस्टेरॉलची पट्टी यांतले काहीच सांगत नाही. चांगला आकडा हातात धरून जो विडी पेटवितो, त्याने त्या थेंबाकडून खोटी साक्ष काढली असे म्हणावे लागेल.

आपल्याला गाफील राहणे परवडणारे नाही. त्याच पाहणीत दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका आला तो मध्यमानाने वयाच्या ५३ व्या वर्षी; इतर देशांत ५९ व्या. ही सहा वर्षे म्हणजे मुलीचे शिक्षण, घराचे हप्ते, म्हाताऱ्या आईबापांचा आधार.

आणखी एक गोष्ट कानीकपाळी ओरडून सांगतो. छातीत दाब वाटतो आहे, घाम फुटला आहे, कळ हातात किंवा जबड्यात जाते आहे, अशा वेळी घरचे यंत्र काढून बसू नका. कोलेस्टेरॉलच्या आकड्यावरून झटका कळत नाही. १०८ ला फोन करा व इस्पितळ गाठा. तेथे हृदयाचा आलेख निघतो. उशिराच्या प्रत्येक मिनिटाला हृदयाचा स्नायू मरत असतो.

तर मग करावे काय? एक साधी वही घाला. तारीख, एलडीएल, एचडीएल, ट्रायग्लिसराइड, साखर, रक्तदाब, कमरेचा घेर, आणि तंबाखू चालू की बंद, हे सारे तिच्यात लिहा. घरात कोणाला लहान वयात हृदयविकार झाला असेल तर तेही लिहा. ती वही डॉक्टरांपुढे ठेवा. गोळी सुरू करणे वा बंद करणे त्यांच्या सल्ल्यानेच करा. आणि जे नोकरीत आहेत त्यांनी आपला हक्कही ओळखावा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितांत, ठराविक वयाच्या कामगारांची वर्षातून एकदा मोफत आरोग्यतपासणी मालकाने करावी अशी तरतूद आहे. कायदा कागदावर आला म्हणजे तपासणी दारात आली असे होत नाही. ती मागावी लागते, आणि एकट्याने मागण्यापेक्षा सर्वांनी मिळून मागितलेली बरी.