हापशीचा ओटा

हापशी आपण सर्वांनी पाहिली आहे. हापशीभोवती काय असते? चिखल. सांडलेले पाणी तिथेच साचते. डास होतात, पाय घसरतो. आणि भरलेला हंडा? पंधरा लिटर पाणी म्हणजे पंधरा किलो ओझे, शिवाय हंड्याचे वजन वेगळे. भुईवरून एकदम डोक्यावर घ्यायचे म्हणजे कंबर धरते. मग कुणीतरी हात द्यावा म्हणून बाई वाट पाहत उभी राहते.

तुम्ही म्हणाल, यात कलाकाराचे काय काम? चित्रकाराने चित्र काढावे!

नवजोत अल्ताफ या चित्रकार बाईंनी मात्र हे काम हाती घेतले. त्यांचा जन्म १९४९ साली मेरठला झाला. शिक्षण मुंबईला, जे. जे. कलाशाळेत. त्यांनी चित्रे काढली, लाकडाच्या मूर्ती केल्या. पुढे १९९० नंतरच्या काळात त्या बस्तरला जाऊ लागल्या. बस्तर म्हणजे आपल्या गडचिरोलीच्या पलीकडचा रानाचा मुलूख. तो आता छत्तीसगड राज्यात आहे.

तिथे कोंडागावला पितळ ओतणारे, लाकूड कोरणारे नामी कारागीर आहेत. बाई त्यांना शिकवायला गेल्या नाहीत बरं का. शांतीबाई, राजकुमार कोर्राम अशा तिथल्या आदिवासी कलाकारांच्या बरोबरीने त्या कामाला बसल्या. शांतीबाई लाकूड कोरतात. हे काम एरवी पुरुषांचेच मानले जाई.

या सगळ्यांनी मिळून हापशीचे ओटे बांधायचे ठरवले. या कामाचे नाव ‘नलपार’. पाणी भरतात बाया आणि पोरे. पण ओटा बांधताना त्यांना कोण विचारतो? इथे त्यांना विचारले. आम्हाला या कामातले हेच सर्वांत मोठे वाटते.

मग ओटा कसा झाला? सांडलेले पाणी वाहून जाईल असा. भोवती भिंत, आणि भिंतीला कोनाडे. हंडा भरला की आधी कोनाड्यात टेकवायचा, मग तिथून खांद्यावर घ्यायचा. दुसरीच्या हाताची वाट पाहायला नको. भिंतींना कलाकारांनी आकार दिले, ओळखीच्या खुणा काढल्या. आडोसा झाला, तसे दोन घटका बोलत बसायलाही ठिकाण झाले. बायांना असे ठिकाण गावात कुठे मिळते?

पुढे त्यांनी मुलांसाठीही जागा बांधल्या. त्यांना ‘पिल्ला गुडी’ म्हणतात. गुडी म्हणजे देऊळ. पण या देवळात मुले जमतात ती चित्रे काढायला, काही नवे करून पाहायला.