रुईवरचें फुलपांखरूं व त्याचा तोतया

शनिवारीं मारुतीला जिच्या पानांची माळ वाहतात ती रुई आपणां सर्वांच्या ओळखीची आहे. तिचें पान मोडलें कीं पांढरा चीक वाहूं लागतो. तो विषारी असल्यामुळें गुरें सहसा तिला तोंड लावीत नाहींत. तथापि काळ्या, पांढऱ्या व पिवळ्या पट्ट्यांची एक अळी हींच पानें खाऊन वाढते आणि पुढें तिचें नारिंगी रंगाचें फुलपांखरूं होतें. त्याच्या पुढच्या पंखांचीं टोकें काळीं असून त्यांवर पांढऱ्या ठिपक्यांची तिरपी ओळ असते. इंग्रजींत ह्याला 'प्लेन टायगर' म्हणतात.

ह्याचें उडणें अगदीं संथ, जणूं कोणाचेंच भय नाहीं! आणि तें बरेंचसें खरें आहे. अळीनें खाल्लेल्या विषाचा अंश फुलपांखरांत उतरतो. एकदां अनुभव घेतलेला पक्षी पुन्हां त्याच्या वाटेस जात नाहीं.

गेल्या श्रावणांत अशीं सात फुलपांखरें मोजून मीं वहींत नोंदलीं. इतक्यांत त्यांतलें एक घोळीवर उतरलें आणि अंडें घालूं लागलें. आपण जिची भाजी करतों तीच ही घोळ. रुई सोडून हिच्यावर अंडें कशाला?

निरखून पाहिलें, तों मागच्या पंखावर एकच काळा ठिपका, तोही पुढच्या कडेशीं. प्लेन टायगरच्या मागच्या पंखावर मधोमध मादीला तीन व नराला चार ठिपके असतात. नराच्या चौथ्या ठिपक्यांत सुगंधाची पिशवी असते. घोळीवरची ही 'डॅनाइड एगफ्लाय' नांवाच्या निराळ्या जातीची मादी होती. हिच्या अंगीं तें विष नाहीं. पक्षी फसतात ते केवळ रूपाला. चालही ती तशीच संथ ठेवते, मात्र दचकली कीं सोंग विसरून भरारी मारते. गंमत अशी कीं, हें सोंग मादीचेंच. नर काळाभोर, त्यावर मोठे पांढरे ठिपके व त्यांभोंवतीं जांभळी झाक. हें जोडपें आहे असें कोणी म्हणणार नाहीं.

असे तोतये खऱ्यांपेक्षां थोडे असावे लागतात. एरवीं पक्ष्यांना वाईट चवीची आठवण राहणार नाहीं.

वहींतील सातांचा आंकडा मीं खोडला. त्यांत खरीं किती होतीं, हें आतां सांगतां यावयाचें नाहीं.