लांकडावरील कोरीव काम : थोडक्या खर्चांत आरंभ कसा करावा

लांकडावर नक्षी कोरण्याची हौस असलेल्या पुष्कळ गृहस्थांची अशी समजूत असते कीं, या कामास महाग सागवान व हत्यारांची भली मोठी पेटी लागते. आमचा अनुभव निराळा आहे. नवशिक्याचा पैसा लांकडाच्या किंमतींत फारसा जात नाहीं. ओलें लांकूड कोरल्यामुळें तें पुढें तडकतें आणि बोथट हत्यारामुळें श्रम व माल दोन्ही वायां जातात, खरा तोटा तेथें होतो. या दोन गोष्टी ज्यानें संभाळल्या, त्याचें काम फार थोडक्यांत भागतें. शेतकऱ्याचें तर विशेषच भागतें. कारण लागणारें लांकूड बहुधा त्याच्या बांधावर उभें असतें किंवा गोठ्यांत अडगळींत पडलेलें असतें.

प्रथम नमुना पाहावा. मुंबईस भाजीपाला घेऊन येणाऱ्या शेतकऱ्यास भायखळा परका नाहीं. भाजीचा घाऊक व्यापार १९९६ सालीं वाशीकडे गेला, तरी भायखळ्याची मंडई अद्याप गजबजलेली असते. तेथून राणीच्या बागेपर्यंत पायीं जाण्याजोगें अंतर आहे. ही बाग १८६२ सालची. आज तिचें नांव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान असें आहे. बागेच्या आवारालगत जें संग्रहालय आहे तें १८७२ सालीं लोकांस खुलें झालें व १९७५ पासून त्यास डॉ. भाऊ दाजी लाड यांचें नांव आहे. गेल्या शतकापूर्वींच्या कारागिरांचें लांकडावरील, चंदनावरील व हस्तिदंतावरील काम तेथें जपून ठेवलेलें आहे. मात्र तें पाहून नुसतें ‘वाहवा’ म्हणून परत येऊं नये. वही व पेन्सिल बरोबर न्यावी, आणि पानाफुलांभोंवतालची जमीन किती खोल घेतली आहे, कडा सरळ उतरविली आहे कीं तिरपी, पानाची शीर लांकडाच्या रेषेस धरून आहे कीं आडवी, हें बारकाईनें पाहावें. खोल भासणारी नक्षी पुष्कळदां दोन-तीन सुतांहून अधिक खोल नसते. खोलीचा भास कडेच्या सावलीनें होतो. एवढें एक ध्यानांत आलें तरी जाणें सार्थकीं लागलें असें समजावें.

आतां लांकडाविषयीं. भायखळ्याच्या पूर्वेस रे रोडच्या बाजूस लांकडाच्या वखारी आहेत. तेथील लकडी बंदर हें नांवच सांगतें कीं माल समुद्रमार्गें येत असे. मुंबईच्या जुन्या चाळींच्या तुळया व जिने पुष्कळ ठिकाणीं ब्रह्मदेशी सागवानाचे होते. त्या देशानें १ एप्रिल २०१४ पासून अखंड ओंडक्यांची निर्यात बंद केली. अर्थात् पाडलेल्या इमारतींचें जुनें सागवान अधिकच मोलाचें झालें आहे. तें कोरण्यास उत्तम, कारण पूर्ण वाळलेलें असतें व पुन्हां सहसा वांकत नाहीं. पण घेतांना लोहचुंबक फिरवून पाहावा. आंत राहिलेला एक मोडका खिळा नव्या पटाशीची धार क्षणांत घालवितो.

वखारींतील भाव घनफुटाचा असतो आणि तो ऐकून नवखा मनुष्य दचकतो. दचकण्याचें कारण नाहीं. एक फूट लांब, सहा इंच रुंद व एक इंच जाड अशी फळी म्हणजे घनफुटाचा चोविसावा हिस्सा. शिकाऊ कामास याहून मोठा तुकडा नको. शिवाय कापणींत उरलेले आखूड तुकडे गिऱ्हाइकाच्या उपयोगाचे नसल्यामुळें मागितल्यास स्वस्त मिळूं शकतात. परदेशी मालाच्या खोक्यांचें देवदारी लांकूड सरावास चालतें. त्यावर ‘एचटी’ असा शिक्का असल्यास तें केवळ उष्णता देऊन निर्जंतुक केलेलें असतें. ‘एमबी’ असा शिक्का असलेलें विषारी धुरी दिलेलें असतें. तें घेऊं नये.

परंतु आमच्या मतें शेतकऱ्यानें वखारीची पायरी शेवटीं चढावी. शिवण हलकी, हातास मऊ आणि वाळल्यावर फार न फिरणारी. आरंभास हिच्यासारखें लांकूड नाहीं. पांगारा त्याहूनही मऊ. सावंतवाडीच्या लांकडी खेळण्यांस व फळांस तो वापरीत आले आहेत. बारीक रेषा मात्र त्यावर टिकत नाहीं. आंबा सर्वत्र मिळतो व बरा कोरला जातो, पण त्यास भुंगा लवकर लागतो. फळ्या ताबडतोब पाडून टांकणखाराच्या पाण्यांत भिजविल्यास पुष्कळ बचाव होतो. ज्यांतून खाण्याचें भांडें करावयाचें त्यास हा उपाय करूं नये. कोंकणांतील वाचकांनीं फणस अवश्य वापरून पाहावा. कडुनिंबही चांगला. बाभळीवर नक्षी काढण्याच्या भरीस नवशिक्यानें पडूं नये. तिची मोगरी करावी. रस्त्याकडेच्या पर्जन्यवृक्षाचें लांकूड आपण जळणांत घालतों, पण थायलंड व फिलिपाईन्समध्यें त्याचींच कोरीव ताटें व वाडगे होतात.

येथें एक इशारा देणें अवश्य आहे. झाड आपल्या मालकीचें असलें तरी तें तोडण्याचा हक्क निर्वेध नसतो. वृक्षतोडीसंबंधींच्या १९६४ सालच्या राज्याच्या कायद्यांत सागवान, आंबा, फणस, जांभूळ, चिंच, मोह, खैर, चंदन इत्यादि झाडें नमूद आहेत व त्यांस परवानगी लागते. कोरीव कामासाठीं झाड पाडण्याचें कारणही नाहीं. वादळानें मोडलेली फांदी, जुन्या गाडीचें मोडकें जूं, निकामी पाट यांत वर्षभर पुरेल इतकें लांकूड निघतें.

ओली फांदी मिळाल्यास ती तशीच उन्हांत टाकूं नये. लांकडांतील पाणी बाजूंपेक्षां टोकांतून कितीतरी पट वेगानें बाहेर पडतें, म्हणून भेगा टोकांस पडतात. तोडल्याच दिवशीं दोन्ही टोकांस मेण किंवा जुना तेलरंग जाड फांसावा. ओंडका मधोमध उभा चिरून गाभ्याचा बिंदु काढून टाकावा. अखंड गोल ओंडका वाळतांना फुटल्यावांचून क्वचितच राहतो, कारण लांकूड परिघाच्या दिशेनें जितकें आक्रसतें त्याच्या जवळ जवळ निम्मेंच तें केंद्राच्या दिशेनें आक्रसतें. फळ्यांमध्यें समान जाडीच्या पट्ट्या देऊन जमिनीपासून उंच, सावलींत व वाऱ्यावर थर रचावे. एक इंच जाडीस सुमारें एक वर्ष, असा ठोकळ हिशेब आहे. ज्यांस इतका धीर नाहीं त्यांनीं ओल्या लांकडाचा डाव किंवा पळी करावी. ओलें लांकूड लोण्यासारखें कापलें जातें, आणि वस्तु पातळ असल्यामुळें सावकाश वाळविल्यास तडकत नाहीं.

हत्यारें पांच पुरेत : अर्धा इंची सपाट पटाशी, एक अरुंद किकरें, दोन गोल पटाश्या व एक धारदार चाकू. गांवचा लोहार मोटारीच्या जुन्या कमानपट्टीपासून हीं करून देईल. लोखंड लोहचुंबकास चिकटेनासें होईपर्यंत तापवून तेलांत विझवावें. नंतर घासून पांढरें करून पुन्हां हलकें तापवावें व गव्हाच्या काडासारखा पिवळट रंग चढतांच थंड करावें. दुसरें तापविणें गाळलें तर धार कांचेसारखी तुटते, आणि घाईचे लोहार हेंच गाळतात. म्हणून समोर उभें राहून करवून घ्यावें. पुढें निसण्यावर तेल घालून घासावें व शेवटीं चामड्याच्या पट्ट्यावर उलटें ओढावें. मऊ लांकडावर रेषेस आडवा काप घेऊन पाहावा; काप चकचकीत आला तर धार साधली, पांढुरका व फाटका आला तर नाहीं. अर्ध्या अर्ध्या तासानें पट्ट्यावर फिरविण्याचा कंटाळा करूं नये.

पहिला पाठ म्हणून चार पाकळ्यांचें फूल घ्यावें. फळी पाटावर खिळ्यांनीं किंवा खुंट्यांनीं घट्ट बसवावी. जुने कारागीर पायांत धरून कोरतात, पण त्यांचें अनुकरण नवशिक्यानें करूं नये. पटाशी दोन्ही हातांनीं धरावी व कोणताही हात धारेच्या पुढें असूं नये. प्रथम आकृतीच्या रेघेवर उभा काप द्यावा, मग बाहेरून त्या कापाकडे तिरपें कोरीत यावें, म्हणजे ढलपी रेघेशीं आपोआप सुटते. लांकूड उपटूं लागलें तर आपण तंतूंच्या उलट चाललों आहों असें समजून दिशा बदलावी. काचकागद शेवटींही थोडाच वापरावा. त्यानें कडा गोल होतात व नक्षी मेणाची केल्यासारखी दिसते. वर जवसाचें कच्चें तेल पातळ लावावें. तेलाचे बोळे चुरगळून ठेवूं नयेत, ते आपोआप पेट घेतात, पसरून वाळवावे.

या खटाटोपाचा उपयोग काय, असें कोणी विचारील. पुण्याचा विश्रामबागवाडा, चांदवडचा रंगमहाल येथील सुरूचे खांब व केळफुलें लोक मुद्दाम पाहावयास जातात. त्याच जातीचें, लहान प्रमाणावरचें काम खेड्यापाड्यांतील कित्येक वाड्यांच्या चौकटींवर व गणेशपट्टीवर आहे. वाडा उतरविला कीं तें ‘जुनें लांकूड’ म्हणून मोजून दिलें जातें, आणि तेंच पुढें शहरांतील जुन्या सामानाच्या दुकानांत नक्षीच्या किंमतीनें विकावयास दिसतें. मालकास मिळाला तो लांकडाचा भाव. ज्यानें स्वतः एक फूल कोरण्यास आठ दिवस घालविले आहेत तो असा व्यवहार सहज करणार नाहीं. शिवाय मोडलेला कोपरा त्याच जातीच्या वाळलेल्या लांकडाचा तुकडा सांधून, रेषा जुळवून, पुन्हां कोरतां येतो. हें काम शिकाऊ हातासही वर्षभरांत साधण्यासारखें आहे. घर उतरविण्याचा विचार असेल त्यांनीं चौकट, गणेशपट्टी व खांब प्रथम वेगळे काढून त्यांवर खुणेचे आंकडे घालावे, छायाचित्रें घ्यावीं, आणि उरलेल्या लांकडाचा सौदा नंतर करावा.