कॉलेजच्या महिला टेनिस संघाची ‘असिस्टंट कोच’ : अमेरिकेत पूर्णवेळ करिअर, मग धाराशिवच्या मुलीसाठी मार्ग कोणता?

खेळणाऱ्या मुलीला एक प्रश्न हमखास विचारला जातो : “खेळून पुढं काय?” धाराशिव जिल्ह्यात तो जरा जास्तच टोचतो. कारण इथं खेळणाऱ्या मुलींची कमी नाही. खो-खोत तर या जिल्ह्यानं भारताला कर्णधार दिली. प्रश्नाचं नेहमीचं उत्तर म्हणजे सरकारी नोकऱ्यांतलं 5 टक्के खेळाडू आरक्षण. कोचिंगचं नाव निघतं ते सगळ्यात शेवटी.

अमेरिकेत मात्र कॉलेजच्या महिला टेनिस संघाची असिस्टंट कोच ही पगारी, पूर्णवेळ नोकरी असते. ती तिथं करते काय? आणि आपल्याकडं तसं काम करायचं असेल तर दार कुठलं? समजून घेऊया.

असिस्टंट कोच नेमकं काय करते?

यासाठी आधी तिथल्या सामन्याचं गणित पाहू. ‘एनसीएए’ ही अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची मोठी संघटना. तिच्या वरच्या गटात, म्हणजे डिव्हिजन वनमध्ये, दोन कॉलेजांची लढत सात गुणांची असते. आधी डबल्सच्या तीन मॅच होतात. त्यातल्या दोन जिंकणाऱ्या संघाला मिळून एकच गुण मिळतो. मग सिंगल्सच्या सहा मॅच, प्रत्येकीला एक गुण. आधी चार गुण मिळवेल तो संघ जिंकला.

या सहा सिंगल्स साधारणपणे एकाच वेळी, शेजारशेजारच्या कोर्टांवर सुरू असतात. शिवाय कॉलेज टेनिसमध्ये मॅच सुरू असताना कोचला खेळाडूशी बोलता येतं. एक हेड कोच सहा कोर्टांवर कशी पुरणार? म्हणून काही कोर्टं असिस्टंटच्या ताब्यात असतात. घाबरलेल्या पहिल्या वर्षाच्या मुलीला दोन गेमच्या मधल्या मिनिटभरात सावरणं, हे तिचं काम.

बाकी कामं कोर्टाबाहेरची. जगभरातल्या ज्युनियर मुलींचे निकाल आणि व्हिडिओ पाहायचे, त्यांच्या पालकांशी बोलायचं, सरावाचं आणि प्रवासाचं वेळापत्रक लावायचं, मुलींच्या अभ्यासावर लक्ष ठेवायचं. यातल्या अनेक जणी आधी स्वतः कॉलेज संघात खेळलेल्या असतात. मग असिस्टंट, पुढं असोसिएट हेड कोच आणि शेवटी हेड कोच, अशा पायऱ्या ठरलेल्या आहेत.

महाराष्ट्रातून तिकडं कुणी गेलंय का?

खेळाडू म्हणून नक्कीच. मूळच्या श्रीरामपूरच्या ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एम विद्यापीठाकडून कॉलेज टेनिस खेळल्या. पुढं 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्यांनी रोहन बोपण्णांच्या साथीनं मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकलं. त्यांच्या या जुन्या विद्यापीठाच्या महिला संघानं 2024 मध्ये एनसीएएचं विजेतेपद मिळवलं. म्हणजे कॉलेज सोडलं की टेनिस संपलं, असं नाही.

मग आपल्या कॉलेजांत काय असतं?

आपल्या बहुतेक कॉलेजांत असिस्टंट कोच असं वेगळं पूर्णवेळ पदच नसतं. असतात ते शारीरिक शिक्षण संचालक. क्रिकेटपासून खो-खोपर्यंत सगळे संघ त्यांच्याकडेच. संघ निवडायचा, फॉर्म भरायचे, किट मिळवायचं आणि जमलं तर सरावही घ्यायचा. धाराशिवची कॉलेजं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न आहेत. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतून विद्यापीठाचा संघ निवडला जातो आणि तो आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो. कोच अनेकदा त्या शिबिरापुरता असतो. वर्षभर एकाच संघाच्या मागं उभं राहणारी दुसरी व्यक्ती सहसा नसते. म्हणजे शिडी आहे, पण मधली पायरी नाही.

खेळलेली मुलगी या व्यवस्थेत शिरते कशी?

धाराशिवच्याच सारिका काळे यांचं उदाहरण पाहा. 2016 च्या गुवाहाटीतल्या दक्षिण आशियाई स्पर्धेत त्यांच्या नेतृत्वाखाली भारतीय महिला खो-खो संघानं सुवर्ण जिंकलं. 2020 मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार जाहीर झाला, तेव्हा त्या तुळजापूरला क्रीडा अधिकारी म्हणून काम करत होत्या. म्हणजे शिरण्याचं दार आहे. पण देशाची कर्णधार होण्याइतकं प्रत्येकीला जमत नाही. विद्यापीठापर्यंत खेळलेल्या मुलीचं काय, हा खरा प्रश्न आहे.

महिला कोचच का हवी?

मुलींचा संघ बाहेरगावी निघाला की घरून पहिली विचारणा होते, “बरोबर बाई कोण आहेत?” याचं उत्तर नसेल तर चांगली खेळाडूही घरीच राहते. पण नुसती पदं वाढवून हे सुटत नाही. अमेरिकेत 1972 च्या ‘टायटल नाइन’ कायद्यानंतर मुलींच्या कॉलेज खेळांत पैसा आला. त्याआधी मुलींच्या 90 टक्क्यांहून जास्त संघांना महिला कोच होत्या. 2014 च्या पाहणीत हा आकडा सुमारे 43 टक्क्यांवर आला होता. पगार वाढले, तशा खुर्च्या पुरुषांकडे गेल्या.

सुरुवात कुठून करायची?

1. कॉलेजचा मार्ग : बीपीएड, मग एमपीएडला किमान 55 टक्के आणि नेट किंवा सेट. त्यासोबत कॉलेज किंवा विद्यापीठाकडून खेळल्याचं प्रमाणपत्र लागतं. यूजीसीच्या 2018 च्या नियमांत शारीरिक चाचणीही आहे. 30 वर्षांपर्यंतच्या महिला उमेदवारानं 8 मिनिटांत 1000 मीटर अंतर कापायचं असतं.

2. कोचिंगचा मार्ग : पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, म्हणजे ‘एनआयएस’चा डिप्लोमा. 1961 मध्ये सुरू झालेल्या या संस्थेचा सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्सही असतो.

3. टेनिसचा मार्ग : आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाचे, म्हणजे ‘आयटीएफ’चे टप्प्याटप्प्यानं पुढं जाणारे कोचिंग कोर्स. शेजारच्या सोलापुरात आयटीएफच्या महिला स्पर्धा झालेल्या आहेत, त्यामुळं त्या दर्जाचं टेनिस पाहायला दरवेळी पुणे-मुंबई गाठावी लागतेच असं नाही.

एक गोष्ट आजच करून ठेवा. खेळलेल्या प्रत्येक स्पर्धेचं प्रमाणपत्र जपून ठेवा आणि त्यावर स्पर्धेची पातळी, वर्ष, सही-शिक्का आहे ना, ते तपासा. आरक्षण असो की कॉलेजातलं पद, खेळल्याचा पुरावा मागितला जातोच. कॉलेजात असतानाच ज्युनियर मुलींचा सराव घ्यायला लागा. पदाला नाव नसलं, तरी असिस्टंट कोचचं काम तिथूनच सुरू होतं.